पाचव्याच्या कपाळावरचं कुंकू

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चप्पल शोधायचो. चाळीस वर्षं लेथ मशीनवर काढली — आधी इचलकरंजीत, मग इथं अमेरिकेत, वूस्टरच्या कारखान्यात. हाताला लागत नाही ते नसतंच, एवढंच मला कळायचं. शिक्षण सातवी. मुलगी म्हणाली, लिहिलेलं नीट करून देते. म्हटलं, नको, आहे तसंच जाऊ दे इथल्या मराठी मंडळाच्या अंकात.

घर श्रूजबरीला. खाली बेसमेंट, बारा पायऱ्या. बायको सुमन, गेल्या वर्षी गेली. कॅन्सर.

आम्ही नवीन आलो तेव्हा सुमन हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला लागली. इंग्रजी शून्य. शेजारच्या मशीनवर ग्लोरिया नावाची काळी बाई होती, तिनं हिला एक रेकॉर्ड दिली. कव्हरवर पाच काळे गायक, निळे सूट, एका रांगेत उभे. सोल म्हणतात त्या गाण्यांना. एकाचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा, एकाचा बाईसारखा उंच. ग्लोरिया म्हणाली, हे ऐक, इंग्रजी आपोआप येईल.

आमच्याकडे नवी वस्तू आली की सुमन आधी हळदकुंकू लावायची. फ्रिजला, मिक्सरला, गाडीला. रेकॉर्ड आली तशी करंडा घेऊन बसली आणि त्या गायकांच्या कपाळाला एकेक टिळा लावायला लागली.

"अगं खुळी का तू?"

"घरी पाहुणे आलेत. तसेच बसवू?"

चार झाले आणि मी कव्हर ओढून घेतलं. पाचवा तसाच राहिला. ती म्हणायची, "बिचारा, तुमच्यामुळं बिनकुंकवाचा राहिला." पण लावलं नाही पुन्हा. मला चिडवायला ठेवलं होतं तिनं ते.

खरंच इंग्रजी तिचं त्या रेकॉर्डवर झालं. बसच्या ड्रायव्हरला "थँक यू, बेबी" म्हणायची. तो खूश! रविवारी पोळ्या लाटताना रेकॉर्ड चालू. एक बाजू संपली की आतून हाक — "अहो, पलटा की!" हात पिठाचे असायचे ना.

एकदा मंडळाची चार कुटुंबं जेवायला आली. सगळे डॉक्टर, इंजिनियर. सुमननं रेकॉर्ड लावली आणि लाटणं तोंडापुढं धरून गायला लागली. एका डॉक्टरांच्या बायको म्हणाल्या, "अय्या सुमनताई, तुम्ही लाँड्रीत ना? मला वाटलं क्लबात गाता!" सगळे हसले. सुमन सगळ्यात जास्त हसली. मी मेल्यासारखा झालो. त्या बाई हे वाचत असतील तर वाचोत. चूक त्यांची नाही. लाज मला वाटली, माझ्याच बायकोची.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर रेकॉर्ड उचलली. कचऱ्याचं झाकण उघडलं... आणि टाकवेना. कुंकू लागलेली वस्तू कचऱ्यात कशी टाकणार? मग प्लास्टिकच्या पिशवीत घातली, चारी बाजूंनी टेप मारली. कारखान्यात पेटी सील केली की सही करायचो, अर्धी टेपवर, अर्धी पेटीवर. त्या सवयीनं इथंही केली. बेसमेंटमध्ये बॉयलरच्या मागं ठेवली. संध्याकाळी सांगितलं, "हातातून पडली. फुटली."

"लागलं नाही ना तुम्हाला?" म्हणाली. एवढंच.

बावीस वर्षं झाली त्याला.

शेवटी घरीच होती. पलंग हॉलमध्ये. एका दुपारी मला म्हणाली, "अहो, ती रेकॉर्ड खरंच फुटली होती का हो?"

मी काय बोललो? "मग? खोटं बोलतो का मी?"

"बरं," म्हणाली. आणि भिंतीकडं वळली.

बारा पायऱ्या होत्या फक्त. उतरलो असतो तर झालं असतं. पण एकवीस वर्षांचं खोटं कुठल्या तोंडानं वर आणायचं... चार दिवसांनी गेली.

वर्षश्राद्धाला मुलगी मॉरिसव्हिलहून आली. भटजी गेल्यावर, पानं वाढायच्या आधी, मला राहवेना. खाली गेलो. पिशवी होती तिथंच होती, वर बोटभर धूळ. वर आणली, टेबलावर ठेवली. मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ओह, बाबा..."

टेप बघितली. सही जुळत होती, रेघ न रेघ. कात्रीनं कापली.

पाचही कपाळांवर कुंकू होतं.

चार टिळे सुकून तपकिरी पडलेले. पाचवा लाल. मी बोट लावलं, बोटाला ओलं कुंकू आलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, आईला सापडली असेल. तिनं लावलं असेल."

"गुडघ्यांमुळं ती कधी खाली उतरली नाही. आणि ओलं कसं राहील? तुझ्याकडं आहे का कुंकू?"

"आईचा करंडा माझ्या घरी आहे, मॉरिसव्हिलला. मी काहीच आणलं नाही, बाबा."

घरात कुंकू नव्हतंच. भटजींनीही लावलं नव्हतं.

फोटोपुढं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "फुटली नव्हती गं." बावीस वर्षं उशिरा. त्या दिवशी मी चमच्यानं जेवलो, बोट धुववेना म्हणून.

मला अजून उलगडत नाही. तिला माहीत होतं, तर त्या दुपारी माझ्या तोंडातून एकदा खरं यावं म्हणूनच विचारलं का? आणि माहीत नव्हतं, तर हे लावलं कुणी? दोन्हीकडून मीच सापडतो.

आता रोज दुपारी रेकॉर्ड लावतो. एक बाजू संपते, सुई नुसती खरखरत राहते. मी मुद्दाम थांबतो जरा, स्वयंपाकघराकडं कान देऊन. हाक येत नाही. मग उठतो आणि पलटतो.