तबलजीले काय वाटलं असन?

"हार तुम्हीच करा. तुमच्या हातचंच काम ते."

हेडमास्तर असं म्हनले आन् फुलाइची टोपली माह्या पायापाशी सरकवली. तपासनीचा दिवस होता. नागपूरचे साहेब येनार म्हनून अमरावतीची आमची शाळा झाडून-पुसून चकाचक. मी धुतलेला कोट घालून मॅट्रिकच्या वर्गाच्या दारात उभा. आज धडा माहा होता. हेडमास्तरनं बोटानं वऱ्हांडा दाखवला. बसा म्हने तिथी. सतरंजीही नाही. खाली.

आन् आत शिकवाले जोशी मास्तर गेले.

टोपलीतली फुलं माह्याच बापाची. आमी माळी. भातकुलीकडं आमची बाग, शेवंती आन् झेंडूची. शाळेत कोनी मोठा मानूस आला की टोपली आमच्या घरूनच येई, आन् आननारा मी. मास्तर झालो तरी मीच. रीतच होती तशी. खरं सांगतो, त्या दिवसापर्यंत मलेही त्यात काही खटकलं नव्हतं. पन फुलं आननं येगळं, आन् आपला वर्ग दुसऱ्याच्या हाती देऊन उंबऱ्याबाहेर हार करत बसनं येगळं.

वर्ग माहा कसा, ते सांगतो. मॅट्रिकची मराठी जोशी मास्तरकडं राहे. ते बिमार पडले, पुण्याले भावाकडं गेले, म्हनून ते पोरं माह्याकडं आले. तवर मी खालच्या वर्गाइतच सडत होतो. हेडमास्तर म्हनले होते, "तपासणी चांगली झाली तर हा वर्ग पुढंही तुमचाच." ते बोलनं मी उशाशी घेऊन झोपे. आन् तपासनीच्या आदल्या दिवशी जोशी मास्तर टांग्यातून उतरले. बाप्पा, कशाले आला रे हा मानूस, हेच पहिलं मनात आलं. तोंडानं म्हनलं, "तब्येत बरी हाय ना?"

मी जळत होतो त्याच्यावर. लपवत नाही. त्याच्या आवाजावर जळे, त्याच्या पांढऱ्याशुभ्र उपरन्यावर जळे. हेडमास्तरच्या घरी तो पाटावर बसून जेवे. मी त्याच घराच्या मागच्या दारी भाजी देऊन परत येई. त्याले काही मागाच लागत नसे. मले मागूनही भेटत नसे.

धडा म्हंजे एक जुनी गोष्ट. लय नावाजलेली. एक दरबारी गवई, आन् जलमभर त्याची साथ करनारा तबलजी. म्हातारपनी भर मैफलीत गवयाचा आवाज फाटते. तबलजी मुद्दाम ठेका चुकवते. लोकाइले वाटते, याच्यापायीच गानं बिघडलं. ते तबलजीले शिव्या देऊन हाकलतात. गवयाची लाज राहते. गोष्ट खतम. खाली प्रश्न, तबलजीचा कोणता गुण दिसतो? पोरं पाठ करत, स्वामिनिष्ठा.

मी येगळंच विचारलं होतं. हाकलल्यावर घरी जाताना तबलजीले काय वाटलं असन? गवयाच्या डोळ्यात पानी आलं, ते लिहेल हाय. तबलजीच्या मनाची एक ओळ नाही. पोरं आपसात भांडले. मंग हिवरखेडचा एक पोरगा उठला, शेती करनाऱ्या कास्तकाराचा. म्हने, "मास्तर, त्याले जळन झाली असन. जलमभर वाजवलं यानं, आन् वाहवा त्याले." बरोबर हाय, म्हनलं मी.

तर मी वऱ्हांड्यात, हातात सुई-दोरा, आन् खिडकीतून जोशी मास्तरचा आवाज. आन् काय शिकवलं बाप्पा! गवयाचा आवाज फाटते तिथी त्यानं आपला आवाज असा बारीक केला की मी सुई थांबवून आयकत बसलो. वाईट शिकवलं असतं तं बरं झालं असतं. असं मले कधीच जमनार नाही, हे मले तिथी खाली बसून समजलं. सुई बोटात गेली.

मंग वर्गात बसलेल्या साहेबानं पोराइले विचारलं, "या तबलजीबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

हिवरखेडचा पोरगा उठला. "सायेब, त्याले जळन झाली असन."

कोनी तरी फिसकन हसलं. साहेब म्हनले, "हे कोणी शिकवलं?"

जोशी मास्तर गोड हसले. "मध्यंतरी आमचे माळीबुवा वर्ग पाहत होते. गृहस्थ चांगले आहेत. पण अशा कथेला लागणारं मन उपजत असावं लागतं."

हेडमास्तर लगबगीनं दारात आले. हळूच म्हनले, "आत या. चूक झाली म्हणा, हार जोशींच्या हाती द्या आणि जा. मिटेल सगळं."

मी आत गेलो. तो पोरगा उभाच होता. मान खाली, कान लाल. त्याले वाटलं आपलं चुकलं. मी एक ठेका चुकवला असता तं साऱ्याइची लाज राहत होती, एक त्याची सोडून.

"चूक नाही झाली साहेब," म्हनलं मी. "मीच शिकवलं. त्याचं उत्तर बरोबर हाय. पुस्तकातलं अर्धं हाय." मंग त्या पोराकडं पाह्यलं. "बस रे. बरोबर सांगतलं तू."

हार टेबलावर ठेवला. कोनाच्या हाती देला नाही. बाहेर आलो.

काही चांगलं झालं नाही त्यानं. वर्ग जोशी मास्तरलेच राह्यला. सुट्टीनंतर येऊ नका, असं मले सांगन्यात आलं. त्या पोराले बाकीचे 'जळका' म्हनून चिडवत राह्यले. बाप म्हने, "काहून बोलला बे? हार करून का हात झिजून राह्यले होते तुहे?"

"हात नाही झिजत बाबा," म्हनलं मी. "बाकी सारं झिजते."

मंग अकोल्याले दुसऱ्या शाळेत लागलो. पहिल्याच हप्त्यात तिथले हेडमास्तर हसत हसत म्हनले, "पाहुणे येताहेत. फुलं तुमच्याकडूनच ना?"

"फुलं बाजारात भेटतात," म्हनलं मी. "मले मॅट्रिकचा वर्ग द्या."

त्याइचं हसनं जागीच थांबलं. वर्ग देला नाही. दुसऱ्या साली मी पुन्हा मागितला, साऱ्या मास्तराइसमोर. तवाही नाही. यंदाही मागनार हाय. जोशी मास्तरसारखा आवाज माह्यापाशी नाही, आन् त्याच्यावर मी आजही जळतो. जळीन. पन कोनाची लाज राखाले माहा ठेका चुकवनार नाही. वर्ग भेटन त्या दिवशी तेच गोष्ट काढीन, तोच प्रश्न विचारीन, आन् पोरगं जे सांगन ते फळ्यावर लिहीन. मोठ्या अक्षरात.