लेकीपाठोपाठ सासरी आलेलं मीठ

दोह्याच्या विमानतळावर आम्हाला सोडायला आलेला माझा मुलगा नीलेश बॅगा ढकलता ढकलता माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आई, चार दिवस आहेत तुझ्याकडे. त्यांचं मन वळव. मी तर हात टेकले."

त्यांचं म्हणजे आमच्या विहीणबाईंचं. सुमनताई, कराडच्या. यजमान गेल्यापासून एकट्याच असतात. माझी सून प्राची ही त्यांची एकुलती एक लेक. दोह्यातल्या मदिनत खलीफा भागात आमच्या घरी त्या महिनाभर राहिल्या खऱ्या, पण पाहुणी राहते तशा. लेकीच्या घरी आईनं मुक्काम ठोकू नये, हे पालुपद. अर्धी पोळी खायची आणि पोट भरलं म्हणायचं. पुढच्या शुक्रवारचं परतीचं तिकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवलेलं. आणि खरं सांगू? त्या राहाव्यात ही गरज त्यांच्यापेक्षा माझीच जास्त होती. नीलेश हमद बंदरावर कामाला, प्राची मुशैरिब भागातल्या ऑफिसात. सकाळी सातला दार लागलं की घरात मी एकटी.

प्राचीला ऑफिसचं ट्रेनिंग निघालं पोलंडमधल्या क्राकोवला. तिनं दोन्ही आयांना सोबत घेतलं. ती दिवसभर ट्रेनिंगला, आम्ही दोघी मोकळ्या!

वॉर्साला विमानातून उतरलो आणि पुढं रेल्वे. खिडकीबाहेर नुसतं हिरवं. आमच्याकडे दोह्यात एकेका झाडाला नळीनं पाणी पाजतात, इथं रानच्या रान आपलं आपण वाढलेलं. सुमनताई काचेला नाक लावून बसलेल्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "बया! एवढी जमीन, आणि ऊस कुठंच न्हाई?"

क्राकोवचा चौक एवढा मोठा, की आमच्या गावची जत्रा त्याच्या एका कोपऱ्यात मावेल. मधोमध जुना कापडबाजार, भोवती घोडागाड्या, आणि कोपऱ्यात दोन मनोऱ्यांचं चर्च. दर तासाला त्यातल्या उंच मनोऱ्यावरून एक माणूस कर्णा वाजवतो आणि सूर मध्येच तोडतो. का, तर म्हणे फार पूर्वी शत्रू आल्याची वर्दी देताना कर्णेवाल्याच्या गळ्यात बाण लागला. हे मी सुमनताईंना सांगितलं, तर त्या हळहळल्या, "एवढ्या वर्षांत कुणीतरी पुरं करायचं की बिचाऱ्याचं!"

जेवायला पिएरोगी (आपल्या करंजीसारख्या, पण उकडलेल्या) मागवल्या. सुमनताई शाकाहारी, म्हणून मी फोटोवर बोट ठेवून "बटाटा, बटाटा" करत राहिले. आल्या त्या जांभळ्या बोरांच्या, वर साय. चुकीची ऑर्डर, पण ताट स्वच्छ झालं. त्यांना पोटभर खाताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तिसऱ्या दिवशी बसनं शहराबाहेर गेलो, मिठाची खाण बघायला. माझं माहेर उरणचं, मिठागरांचं. मीठ उन्हात पिकतं एवढंच मला ठाऊक. इथं ते जमिनीच्या पोटात! लाकडी जिने उतरता उतरता गुडघे बोलायला लागले. गाइड मार्ता नावाची, पन्नाशीची हसरी बाई. "भिंत चाटून बघा," म्हणाली. मी चाटली. सुमनताई म्हणाल्या, "किती जणांची उष्टी असंल ती!"

आणि मग खोल खाली, मिठाचं देऊळ. हो, देऊळच म्हणते. फरशी मिठाची, मूर्ती मिठाच्या, झुंबरांचे लोलकसुद्धा मिठाचे. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दाराशीच बूट काढून ठेवले. सगळा ग्रुप बघतोय! मार्ता धावत आली, "नो, नो, नॉट नेसेसरी!" सुमनताईंना इंग्रजी येत नाही, त्या मोज्यांवरच पुढं झाल्या आणि हात जोडले.  मग ग्रुपला जरा थांबायला सांगून मार्तानं आम्हाला समोरच्या मूर्तीची गोष्ट सांगितली. ती इंग्रजीतून सांगे, मी मराठीतून.

हंगेरीच्या राजाची लेक किंगा. लग्न ठरलं पोलंडात. बापानं विचारलं, काय देऊ? ती म्हणाली, सोनं नको, माझ्या सासरच्या लोकांसाठी मीठ द्या. आणि माहेरच्या मिठाच्या खाणीत तिनं आपली अंगठी टाकली. सासरी आल्यावर एका जागी खणायला लावलं, तर मिठाचा पहिलाच दगड निघाला आणि त्यात तीच अंगठी.

सुमनताई बाकावर बूट चढवत होत्या. हात थांबला. "म्हंजे माहेरचं मीठ लेकीपाठोपाठ सासरी आलं?"

"आलं की."

"आन् लोकांनी खाल्लं?"

"पिढ्यान्‌पिढ्या. मग मिठाला चालतं, ते आईला का चालू नये?"

"मीठ उपयोगाचं असतं, विहीणबाई," त्या हळूच म्हणाल्या. "मी आता कुणाच्या उपयोगाची?"

माझ्यापाशी एरवी प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं.  या वेळी खरं तेच बोलले. "माझ्या. सकाळी सात वाजल्यानंतर मला बोलायला माणूस नाही."

"तुम्ही तर सारख्याच बोलत असता!"

"भिंतींशी बोलते, सुमनताई."

 वर येताना लिफ्टमध्ये काळोख आणि दाटी. त्यांनी माझं मनगट धरलं, ते उजेडात आल्यावरही सोडलं नाही.

परत दोह्याला उतरलो. दारं उघडली आणि भट्टीची वाफ तोंडावर. नीलेश गाडीपाशी उभा. "यल्ला, बसा लवकर. सासूबाई, शुक्रवारी विमान किती वाजता म्हणालात?"

"ते तिकीट? खलास," सुमनताई म्हणाल्या. प्राची गाडीत बसता बसता थांबली. बघता बघता तिचे डोळे भरून आले.

गाडी रस्त्याला लागली. क्राकोवचे मनोरे, चौक, घोडागाड्या सगळं छानच. पण कुणी विचारलं तर मी सांगेन, ती खाण बघा, आणि जाताना सोबत असं माणूस न्या, ज्याच्याशी अजून नीट बोलणं झालेलं नाही. जमिनीखाली माणसं खरं बोलतात.

एवढ्यात मागून आवाज आला, "पण जावईबापू, फुकट राहायची न्हाई मी. उद्यापासनं भाकरी मी करणार. ज्वारीची. विहीणबाई तांदळाची करतात, तीबी बरी असती. आजारपणात."

आजारपणात!

 घर येईपर्यंत माझं उत्तर तयार होतं.