नळी नसलेला गेज

मे १९९१. मंगळवार, सकाळची शिफ्ट. जळगाव एमआयडीसीतला सरकीच्या पेंडीतून तेल काढणारा एक सॉल्व्हंट प्लांट. हजर : प्लांट मॅनेजर जोशी साहेब, ऑपरेटर नाना महाजन, बॉयलरवर सलीमभाई, आणि इन्स्ट्रुमेंट विभागाचा इन-चार्ज मी – पाटील.

हजेरी आधी दिली, कारण असलं काही सांगायला लागलं की ‘तिथं होतं कोण?’ असं मीच पहिल्यांदा विचारतो. माझा भूत, संकेत, चाहूल यांवर विश्वास नाही. मीटर चुकलं तर त्याला कारण असतं आणि ते शोधायचा मला पगार मिळतो, इतकं साधं माझं जग होतं.

आमच्या प्लांटमध्ये तेल काढायला हेक्झेन वापरायचे. पेट्रोलसारखं भडकणारं, त्यामुळे ठिणगीची भीती; म्हणून आतली सगळी इन्स्ट्रुमेंट्स विजेवर नाही, तर दाबाच्या हवेवर चालायची. पेंडीतलं हेक्झेन उडवायला एक मोठं उभं भांडं होतं. त्याला आम्ही डीटी म्हणायचो. त्यात पेंडीवर थेट वाफ सोडायची.

त्या दिवशी प्लांट बंद होता आणि डीटीच्या भिंतींना चिकटलेली पेंड खरवडायला नाना आत उतरणार होते. वाफेच्या लाइनवर दोन व्हॉल्व्ह. एक हातानं फिरवायचा, तो गंजून उघडाच अडकलेला, नवा मागवलेला. दुसरा माझा कंट्रोल व्हॉल्व्ह – हवा दिली की उघडतो, हवा तोडली की स्प्रिंगनं बंद होतो. हाताचा अडकल्यापासून सगळे माझ्या व्हॉल्व्हच्या भरवशावर आत जायचे. नियमात बसत नव्हतं, पण सवय झाली होती. मी हवा तोडली, व्हॉल्व्हचा दांडा खाली बसलेला पाहिला, ‘उघडू नये’चा टॅग लावला आणि ‘जा’ म्हणून सांगितलं.

त्याच वाफेचा दाब दाखवणारा पॅनेलवरचा गेज मी सकाळीच काढून आणला होता. काच मळली होती, पुसायची होती. माझ्या खोलीत टेबलावर तो उताणा पडलेला. नळी सोडवलेली, मागचं भोक उघडं. म्हणजे काटा शून्यावर हवा.

काटा मध्यावर होता.

टिचकी मारली. आमच्या धंद्यात पहिला उपाय हाच. काटा शून्यावर आला... आणि हळूहळू चढत परत मध्यावर जाऊन थांबला. मी गेज उचलला, उलटा केला, भोकावर बोट ठेवलं, काढलं. काटा हलला नाही. शेजारी तसाच दुसरा गेज पडला होता. त्याचा काटा शून्यावर.

इथे माझी एक खोड सांगायला हवी. ऑपरेटर लोक कधीही म्हणतात, ‘तुमचं मीटर खोटं बोलतं.’ मी सगळ्यांना घोकून घोकून शिकवलेलं – रीडिंग खोटं ठरेपर्यंत ते खरं धरून चालायचं. आता माझ्यावरच वेळ आली. कशालाही न जोडलेला गेज सांगत होता की डीटीच्या लाइनमध्ये वाफ आहे. बॉयलर तर थंड होता, सलीमभाईंनी भट्टी पेटवलीही नव्हती.

मी गेलो. जातोय कशाला, ते मला कळत नव्हतं. नानांचा एक पाय डीटीत उतरायच्या तोंडात, मॅनहोलमध्ये होता.

“नाना, वर या.”

“काय झालं भाऊ?”

“या आधी. सांगतो.”

जोशी साहेब आले. मी खरं ते सांगितलं.

“पाटील, ज्याला नळीच नाही, त्याचंही ऐकायचं?”

“तपासतो साहेब. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या.”

“आणि डीटी काय तुम्ही खरवडणार?”

नाना खोऱ्यावर हात ठेवून उभे होते. म्हणाले, “मले आत जाऊ देता का घरी धाडता, एक काय ते सांगा. घरी धाडत असान तं माही बस निघून जाईन यावलची.”

मी सगळं पुन्हा पाहिलं. हवा तोडलेली. दांडा खाली. टॅग जागेवर. चूक सापडेना. खोलीत जाऊन काटा बघायचो, तो मध्यावर, पुन्हा डीटीकडे. या फेऱ्यांत घामानं शर्ट अंगाला चिकटला. सलीमभाईंनी दुरून विचारलं, “पाटीलभाई, कुछ गुम हो गया क्या?”

तोवर शेजारच्या आमच्याच रिफायनरीचं तेल गरम करायचं होतं म्हणून सलीमभाईंनी बॉयलर पेटवला. साहेबांचा धीर संपला.

“नाना, उतरा तुम्ही.”

“नाही,” मी म्हणालो. “आधी लाइनमध्ये वाफ येऊ द्या. मग नानांना उतरू द्या.”

“आणि काही झालं नाही तर?”

“तर मी खरवडतो, साहेब.”

नाना हसले. “साहेब, असंच करा. पाटीलभाऊच्या अंगाले जरा पेंडीचा वास लागू द्या.” आणि प्लॅटफॉर्मवर डबा उघडून बसले. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. मला म्हणाले, “घ्या. आत जायचं तं खाऊन जा.”

भाकरी अर्धी झाली नसेल, तेवढ्यात मॅनहोलमधून पांढरी वाफ बाहेर आली. आधी नुसती रेघ, मग उसळून. व्हॉल्व्हचा दांडा खाली होता, टॅग लटकत होता... आणि डीटी वाफेनं भरत होती. साहेब ‘बॉयलर बंद’ म्हणत पळाले. नाना हातातला घास तसाच धरून मॅनहोलकडे बघत होते. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. दोनदा लावलं, पहिल्यांदा ते बसलं नाही.

व्हॉल्व्ह खोलून पाहिला तेव्हा कारण मिळालं. दांड्याच्या टोकाचं बूच – भोक बंद करतो तो भाग – दांड्यापासून निखळलं होतं. दांडा खाली जायचा, बूच भोकावर न बसता लोंबकळत राहायचं. बाहेरून सगळं बंद. हे झालं व्हॉल्व्हचं कारण, आणि ते पक्कं आहे.

गेजचं नाही.

खोलीत परत आलो तेव्हा काटा शून्यावर होता. त्यानंतर मी त्याच टेबलावर, त्याच उन्हात, पंखा चालू, पंखा बंद, कॉम्प्रेसर चालू, असं सगळं करून पाहिलं. ऊन म्हणावं, तर शेजारचा गेज का हलला नाही? हादरा म्हणावा, तर टिचकीनं पडलेला काटा परत चढला कसा? आणि मुख्य म्हणजे काटा चढला तेव्हा वाफ कुठेच नव्हती. वाफ दुपारी आली. काटा सकाळी चढला होता.

साहेबांनी तो गेज मला देऊन टाकला. “तुमच्याकडेच राहू द्या, इथे नको,” एवढंच म्हणाले.

आता माझी नोकरी धुळ्याला, घर देवपुरात. नाना रिटायर झाले, यावलला असतात. केळीचा घड घेऊन एकदा येऊन गेले. चहा पिता पिता म्हणाले, “भाऊ, तो गेज उघडला का नाही मंग? आतमधी काय होतं?”

“नाही उघडला अजून.”

“तुम्ही? तुम्ही तं शेजाऱ्याचं घड्याळही उघडून पाह्यता.”

खरं आहे. चार स्क्रू आहेत, पाच मिनिटांचं काम. पण आत एखादी मरगळलेली स्प्रिंग सापडली, तर नाना त्या दिवशी एका खराब स्प्रिंगमुळे जिवंत घरी गेले असं धरावं लागेल. आणि काहीच खराब सापडलं नाही, तर मग मला पुढे काय तपासायचं तेच माहीत नाही. रविवारी कामांची यादी करतो तेव्हा ते काम लिहितो आणि संध्याकाळी पुढच्या रविवारवर टाकतो. या रविवारी टाकीचा फ्लोट बदलला, मिक्सरची वायर बदलली, सायकलचा ब्रेक केला.

गेज उघडणे – बाकी.