वार्षिक पाठासाठी निवडलेली पोरं

मुखेडच्या स्टँडवर बाबा खडीच्या कामावरून तसेच आले. दुष्काळी काम, अंगभर पांढरी धूळ. मी लातूरला बी.एड.ला निघालो होतो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. गाडी हलली तसे ते खिडकीबरोबर चालत म्हणाले, "आमी खडी फोडतो. तू पोरायची डोकी उघड. फोडू नको म्हंजी झालं. जयभीम!" गाडी हसली. मला त्यांची लाज वाटली.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्यांना नवा रंग होता, नळाला पाणी नव्हतं. आमच्या कॉलेजात 'माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान' अशी वही करावी लागे. 'माझे' फक्त वरच्या कव्हरावर. आत सरांनी सांगितलेला मजकूर: बालक हे फूल, शिक्षक हा माळी. साऱ्या वर्गाचं एकच तत्त्वज्ञान, चुकांसकट. बाहेर बाभळीसुद्धा वाळत होत्या आणि आम्ही हिरव्या शाईनं वेलबुट्टी काढत होतो. माझी सगळ्यांत सुबक होती, हेही सांगून टाकतो.

वार्षिक पाठावर पास-नापास ठरायचं, म्हणजे नोकरीच. परीक्षक बाहेरचा, वर्ग सहावीचा. आदल्या दिवशी सरांनी रीत सांगितली. "हुशार पोरं पुढं बसव. प्रश्न-उत्तरं आजच घोकून घे. अडखळणारी उद्या टँकरवर धाड. हौदबी भरतो, पाठबी रंगतो." मी हजेरीवर बोट फिरवून टँकरवर धाडायची नऊ नावं काढली. मला कुणी जबरदस्ती केली नाही.

पाठ नद्यांचा होता. घाबरून मी दुसरा प्रश्न गाळला आणि तिसरा विचारला, "मांजरा कुठं उगम पावते?" पोरं ओरडली, "गोदावरी!" पुढं विचारलं, "लातूरजवळून काय वाहतं?" "बालाघाटचा डोंगर!" शेवटपर्यंत सगळी उत्तरं घोकलेल्या क्रमानं, अशीच एकेक घर मागं. परीक्षकांनी चहा संपवला आणि शेरा लिहिला: 'प्रतिसाद उत्स्फूर्त.' मला पहिला वर्ग मिळाला.

दारात शबाना उभी होती, त्या नवांतली. डोक्यावर घागर, ओढणी ओली. "सर, आमचा तास कवा हाय?"

"उद्या," मी म्हणालो. उद्या मी मुखेडच्या गाडीत असणार होतो.

ती मागच्यांना ओरडून म्हणाली, "उद्या हाय गं! सर म्हनले!"

घरी आईनं गूळ वाटला. बाबांनी एवढंच विचारलं, "समद्या पोरायला आलं का?"

"समद्यांना," मी म्हणालो.

आता मी जळकोटला शिकवतो. सरावपाठाला येणारी बी.एड.ची पोरं खडू घेण्याआधी विचारतात, "सर, यातली हुशार कोणती?" मी सांगतो, सगळी बसतील. ती तोंड वाकडं करतात. माझ्याबरोबर शिकलेल्या मित्रांनो, तुमच्यातले दोघं तर आता प्राचार्य आहात आणि तीच माळ्याची वही सांगता. तुमचा मला राग येत नाही. राग माणसांचा येतो, तुम्ही रबरी शिक्के आहात. मीही तोच शिक्का होतो, म्हणून ठसा ओळखतो.

गावी जातो तेव्हा बाबा पारावर मला शेजारी बसवून सांगतात, "माझ्या पोराच्या हाताखालचं एकबी लेकरू मागं ऱ्हात न्हाई." माणसं माना हलवतात. बाबांनी मला शिकवलं त्या उपकारापुढं माझी जीभ उचलत नाही. लातुरात मी खोटं बोललो ते पाठासाठी. पारावर अजून बोलतो, ते गप्प बसून. घर म्हणतात ते मला आता एवढंच उरलंय: जिथं माझ्यावर विश्वास आहे आणि म्हणून जिथं दोन दिवसांच्या वर राहवत नाही.