दोघींपुरते धपाटे

माझी खोलीतली मैत्रीण कोकणातली होती. पहाटे उठून अभ्यास करायची, आणि माझ्या आईच्या हातचे धपाटे तिला फार आवडायचे. हे सगळं मी आईला फोनवर सांगितलेलं. खरं एवढंच होतं की ती त्या खोलीत कधी आलीच नाही.

लातूरजवळच्या आमच्या गावातून बाबांनी मला नवी मुंबईच्या कॉलेजात पाठवलं ते एकाच अटीवर. खोलीत सोबत हवी. सोबतीला ती कोकणातली मुलगी ठरलीही होती, पण ऐनवेळी तिला पुण्यात प्रवेश मिळाला. कॉलेजजवळच्या करावे नावाच्या गावातल्या त्या खोलीत दोन कॉट आणि मी एकटी. बाबांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी येऊन ते मला परत घेऊन गेले असते. म्हणून मी घरी सांगितलं, ती आली.

कॉलेजातला माझा प्रवेश तिसऱ्या फेरीतला. तोवर वर्गात सगळ्यांचे ग्रुप जमून गेले होते. मधल्या सुट्टीत हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी पाण्याची बाटली भरायला तीन-तीनदा कूलरपाशी जायची. एकदा एकीने विचारलं, "तू मराठवाड्याची का?" मी "हो" म्हटलं, आणि पुढे काय बोलावं ते सुचेपर्यंत ती निघूनही गेली. घरमालकीण तिथलीच, जुन्या शेतकरी घरातली. खाली दारात मासे साफ करता करता हाक मारायची, "जेवलीस का गो? भात हाय." मी उपाशी असून "जेवले" म्हणायची आणि वर जाऊन स्वतःलाच शिव्या घालायची. एकटेपणाने जीव जात होता आणि वर हा माज! माझ्याइतकी मूर्ख मुलगी त्या गल्लीत दुसरी नसेल.

दर पंधरा दिवसांनी आई ट्रॅव्हल्सच्या क्लीनरकडे डबा द्यायची. सकाळी जुईनगरला हायवेवर उभं राहून मी तो घ्यायची. त्यात दोघींपुरते धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असायची. तीन-चार दिवस मी दोन्ही वेळेला तेच खायची. शेवटचे धपाटे पार वातड झालेले असायचे. मग डबा घासून, लख्ख पुसून त्याच गाडीने परत पाठवायची. "तिला आवडले का गं?" आई विचारायची. "एका बैठकीत चार खाल्ले तिनं," मी ठोकून द्यायची.

चौथा डबा परत पोचला त्या दुपारी आईचा फोन आला. बाबा शेतात होते, तरी ती हळू बोलत होती.

"ती पोरगी तिथं नाही ना गं?"

"आंघोळीला गेलीय."

"तसं नाही विचारत मी. चार डबे पाठवले, चारी रिकामे आले. दुसऱ्याच्या घरचं खाऊन रिकामा डबा कोण परत करतं? कोकणातली पोरगी, घरनं आलेली चार आमसुलं तरी तिनं टाकली असती की नाही?"

लहानपणी शेजारणीची वाटी परत द्यायला मीच जायची, आणि तिच्यात गुळाचा खडा घातल्याशिवाय आई मला दाराबाहेर पडू देत नसे. नेमकं तेच मी विसरले होते. मग मी रडत रडत सगळं सांगून टाकलं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "धपाटे तेवढेच पाठवते. कमी केले तर तुझ्या बाबांच्या ध्यानात येईल."

संध्याकाळी पुन्हा फोन आला. या वेळी तो स्पीकरवर होता, मागे बाबा खोकत होते. माझी चौकशी झाल्यावर आईनं मोठ्यानं विचारलं, "आणि तुझी मैत्रीण? करमतंय का तिला तिथं?"

इतके दिवस मी "मजेत आहे" म्हणायची. त्या दिवशी ते तोंडातून निघेना.

"नाही गं, आई. रोज रडते. तिच्याशी कुणी बोलतच नाही."

मागून बाबा म्हणाले, "मग तिच्या घरच्यांनी घेऊन जावं की तिला."

"का म्हणून?" आईचा आवाज एकदम चढला, आणि मधेच फुटला. "रडत का होईना, शिकतीय ती. राहू द्या तिला तिथंच."