घटाशेजारी उगवलेले बाबा

मी भाताच्या रोपांवर माणसांचे चेहरे उगवते. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तू नक्की करतेस काय गं?" की मी हे एवढंच सांगते आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसते. आई मात्र वाडीत सगळ्यांना सांगते, "ती मुंबईला शेतीच करती." मी पूर्वी भांडायचे, आता सोडून दिलंय.

काम खरं तर सोपं आहे. गोणपाटावर मोड आलेलं भात दाट थापायचं, ते भिंतीला उभं टांगायचं आणि खोलीत पूर्ण अंधार करायचा. मग प्रोजेक्टरवरून एका फोटोची निगेटिव्ह त्या रोपांवर रोज दहा-बारा तास पाडायची. जिथे उजेड पडतो तिथलं पातं हिरवं होतं, जिथे पडत नाही तिथलं पिवळं राहतं. आठ-नऊ दिवसांत गोणपाटावर माणूस उभा राहतो. ब्रश नाही, रंग नाही, जे करायचं ते रोप करतं.

रंगांचं वेड मला बाबांनी लावलं, तेही त्यांच्या नकळत. ते महाडच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होते. बिरवाडीला चौघांत एक खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीला पोलादपूरच्या वर आमच्या वाडीत यायचे. एसटीतून उतरून तासभर चढ. आले की मी आधी पिशवी नाही, त्यांची नखं बघायची. या खेपेला पिवळी, पुढच्या खेपेला गुलाबी, कधी अशी निळी की आई म्हणायची, "जेवायला चमचा घ्या वो." शर्टाला कंपनीचा उग्र वास असायचा. आई तो शर्ट घरात येऊच द्यायची नाही, पडवळाच्या मांडवावर वाळत घालायची. मला तो वास आवडायचा. अजूनही कंपनीच्या गेटाजवळून एसटी गेली की खिडकी मी लावत नाही, आणि शेजारची बाई माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघते.

दसऱ्याला त्यांना क्वचितच सुट्टी मिळायची. मिळाली की परत जाताना आईच्या घटातल्या कोवळ्या रोपांचा तुरा खिशात घालून न्यायचे आणि पाळीला गेल्यावर आपल्या मशीनला खोचायचे. तसे त्यांना फुलाझाडांचं काही नव्हतं, पण तो तुरा कधी विसरले नाहीत.

बाबा गेले त्याला तीन पावसाळे झाले तेव्हाची ही गोष्ट. मुंबईतल्या एका प्रदर्शनात मला पहिल्यांदाच एक अख्खी भिंत मिळाली. मी ठरवलं, बाबाच उगवायचे. फोटो एकच होता, कंपनीच्या गेटपासवरचा. कॅमेऱ्यासमोर कुणीतरी दम देऊन बसवल्यासारखा चेहरा. आईने तो मोठा करून भिंतीवर लावू दिला नव्हता. "हार घातलेलं माणूस मला घरात नको," म्हणाली होती. माझ्या मुंबईच्या खोलीत तर पाय पसरायला जागा नाही, मग अंधार कुठून आणू? म्हणून नवरात्राच्या तोंडावर गोणपाट आणि प्रोजेक्टर घेऊन वाडीत आले.

घरात अंधारी खोली एकच, देवाची. तिथेच आईचे घट बसायचे होते. पत्रावळीवर माती, मातीत धान्य पेरलेलं, वर पाण्याचा कलश. आई दारातच आडवी उभी राहिली. "देवाच्या खोलीत हे कसलं गोणपाट?"

मी म्हटलं, "अगो आये, तुझ्या घटासारखंच हाय. तू अंधारात धान रुजवतेस, मी पण रुजवते. फरक काय?"

हे मी बोलले. माझ्याच तोंडाने बोलले.

तिने मान डोलावली, पाय धुवून यायला लावलं आणि भात स्वतः भिजत घातलं, बाबांनी ठेवलेल्या बियाण्याच्या कणगीतलं. रोज सकाळी घटाला पाणी घातलं की त्याच तांब्यातलं गोणपाटाला शिंपडायची. सहाव्या दिवशी भुवया दिसायला लागल्या. मी आनंदाने ओरडले, आई धावत आली आणि उंबऱ्यातच थबकली. मग तिने पदर डोक्यावरून ओढून घेतला, बाबा चढ चढून अंगणात आल्यावर घ्यायची तसा. माझा हुंदकाच फुटला. त्या दिवसापासून ती तिथे बसून त्यांना सांगायला लागली, गाय व्याली, पाडी झाली, वरच्या बांधाची दरड जरा खाली आली. मी दाराआडून ऐकायची.

आठव्या दिवशी तिने विचारलं, "मुंबईला किती दिस ऱ्हातील?"

"चार-पाच दिवस. मग पिवळं पडून सुकणार. तीच तर त्यातली गंमत आहे, आये." मी अगदी मास्तरणीसारखी बोलले.

"मग काय करतात त्याचं?"

"काय करणार? कचऱ्यात."

आई तांब्या घेऊन उठली. मला वाटलं, पटलं तिला.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी टेम्पो ठरवायला महाडला गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे काम न्यायचं होतं. टेम्पोवाला सणाचा म्हणून आढेवेढे घेत होता, त्याला कसाबसा पटवला आणि दुपारी परतले. चढावर बाबांचे एक जुने सोबती भेटले, बिरवाडीच्या खोलीत बरोबर राहिलेले. टोपीत हा एवढा तुरा. हसून म्हणाले, "आईचा घट यंदा लय दाट आला हाय गो!"

मी हसले आणि चार पावलं पुढे गेले. मग मागे वळून बघितलं. घटात नऊ धान्यं असतात, तुरा मिसळीचा येतो. यांच्या टोपीत नुसतं भात होतं.

मी धावत सुटले. वाटेत जो भेटेल त्याच्या टोपीत भात, बायकांच्या अंबाड्यात भात. घरात आले तर गोणपाटावर दोन बोटं उंचीची खुटं, सारखी कापलेली, खाली विळा ठेवलेला आणि विळ्याला कुंकू.

मी काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही, लाज वाटते. अडाणी म्हणाले तिला, एवढं सांगते. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तूच बोललीस ना, घटासारखंच हाय. घट दसऱ्याला उठवतात, तुरे वाटतात."

"तुला माहीत होतं ते घट नाही म्हणून!"

"व्हतं." ती खाली बसली. "सकाळी बघितलं तर रोपं वाढून झुकली व्हती. हनुवटी खाली आली व्हती गो, पुन्यांदा जायला लागल्यासारखी. पहिल्यान् गेले तवा मी काय करू शकले नाय. आता तू मुंबईला नेऊन सुकवणार, कचऱ्यात टाकणार. माज्या माणसाला कचऱ्यात?" तिने विळा बाजूला सारला. "म्हणून घरोघर दिले. ज्यांच्यात बसले-उठले त्यांच्याकडं गेले. बिरवाडीच्या लोकांना पण धाडलेत सकाळच्या एसटीनं, मशीनला खोचतील."

मग तिने पदराची गाठ सोडली. आत माझा तुरा होता.

मी तो घेतला आणि केसांत खोवला. दोघी खूप रडलो, अगदी भोकाड पसरून. तीन पावसाळ्यांत आईला मी पहिल्यांदाच रडताना बघत होते. टेम्पोवाल्याला 'नको' म्हणून कळवलं, त्याने चार शिव्या दिल्या, त्या मी मुकाट ऐकल्या. मुंबईतली भिंत दुसऱ्या कुणालातरी मिळाली.

आता दर नवरात्रात मी वाडीत जाते. बाबा भिंतीवर उगवतात, आई त्यांना वर्षभराचं सगळं सांगते आणि दसऱ्याला विळा मी धरते. त्याचा फोटोही मी काढत नाही.

काल आईचा फोन होता. "भात भिजत घालू ना? कधी आणतेस त्यांना?"

"परवा येते, आये."

फोन ठेवता ठेवता म्हणाली, "ह्या वेळी जरा हसरे आण गो."

मी हो म्हटलं. माझ्याकडे त्यांचा तो एकच फोटो आहे.