तिरकी रेघ

माझ्या दोन मावश्या जुळ्या. दिसायला इतक्या सारख्या की आळ्याच्या बाजारात थोरलीच्या दिराने धाकटीला दोनदा "वहिनी, घरी चला" म्हणून हाक मारली होती. थोरली पिंपळवंडीला दिलेली, कालव्याच्या पाण्यावरच्या उसात. धाकटी आंबेगावच्या पश्चिमेला, भातखाचरांच्या आणि नाचणीच्या डोंगरात. वर्षातून तीन-चारदा भेट व्हायची. बोलणे एकाच ठिकाणाहून सुरू व्हायचे.

"लई सुटलीस गं."

"आन् तू निस्ती काठी झालीस."

दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षे. मी पुण्यात वार्ताहर होतो. मधुमेहावर संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरबाईंना जुळी माणसे हवी होती. एकसारख्या जुळ्यांना जन्मतः मिळालेला वारसा एकच असतो, त्यांनी सांगितले. त्यांतल्या एकाला आजार झाला आणि दुसऱ्याला झाला नाही, तर कारण खाण्यात, कामात, राहणीत शोधता येते. मी मावश्यांची नावे दिली. बाईंनी इंग्रजी अर्जाचे मराठी करण्याचे काम मला दिले. त्यात आधी जन्मलेल्याला क्रमांक एक आणि नंतरच्याला क्रमांक दोन द्यायचा होता. मी लिहिले, 'थोरले / आधी जन्मलेले : १'. बातमीत अशी तिरकी रेघ मी कधी वापरली नव्हती. इथे दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे, अशी माझी खात्री होती.

आळ्याच्या शाळेत सकाळी शिबिर झाले. दोन टेबले, दोन परिचारिका. दोघी मावश्या उपाशीपोटी आल्या आणि वेगवेगळ्या रांगांत बसल्या. रक्ताच्या नळीवर नाव नाही, फक्त जोडीचा आकडा आणि एक किंवा दोन.

पंधरवड्याने बाईंचा फोन आला. आमच्या जोडीच्या दोन्ही नळ्यांवर 'एक' लिहिले होते. एका नळीत साखर बरीच जास्त होती, दुसरीत नव्हती. रक्तावरून ओळख पटवावी तर दोघींचे रक्त सारखेच.

मी आईला विचारले.

"थोरली मागनं जन्मली," आई म्हणाली. "तुला ठावं न्हाई व्हय?"

"मग ती थोरली कशी?"

"एस्टीत आधी चढल्यालं आत सरकतं, उतरतं शेवटी. पोटात पयली गेली ती थोरली. पेपरात काम करतो ना रं तू?"

आमच्याकडे जुळ्यांचे वय असेच धरत. एका टेबलावर रेघेच्या अलीकडचा शब्द वाचला गेला, "थोरल्या का?" आणि थोरली हो म्हणाली. दुसऱ्यावर पलीकडचा, "आधी जन्म कुणाचा?" आणि धाकटी म्हणाली, "माझा." दोघींनी खरेच सांगितले होते.

पुन्हा रक्त द्यावे लागणार होते. हे साधे नव्हते, कारण त्यांच्या आईचा पाय मधुमेहाने कापावा लागला होता आणि दोघींनी शेवटची दोन वर्षे तिचे आळीपाळीने केले होते. पिंपळवंडीला गेलो. थोरलीने ऐकून घेतले, पदराने हात पुसले.

"माझीच आसंल साखर. धाकटीला एवढ्यात काय सांगू नगं. डोंगरात एकटी झुरत बसंल."

दुसऱ्या दिवशी एस्टीने धाकटीकडे. तिच्या घरी फोन नव्हता. ती खाचराच्या बांधावर उभी होती. सगळे सांगितल्यावर म्हणाली, "माझ्या नावावर टाक ना लेका. साखर आसली की लई चालावं लागतं, मला सवय हाय. तिला न्हाई झेपायचं."

नावावर टाकण्याची गोष्ट नाही, हे मी तिला समजावून सांगितले. ती मान हलवत राहिली.

पुन्हा शिबिर झाले तेव्हा मी रांगेशेजारी उभा राहिलो आणि नळ्यांवरचे आकडे स्वतः वाचले. साखर थोरलीची होती. औषध सुरू झाले. पायाला जखम होऊ द्यायची नाही, हे तिला सांगावे लागले नाही. धाकटीचा वारसा तोच, म्हणून तिनेही दरवर्षी तपासून घ्यायचे ठरले. ती अजून का वाचली, हे कळले तर पुष्कळांच्या कामाला येईल, बाई म्हणाल्या. त्यासाठी तिने नेहमीसारखेच राहायला हवे होते.

मी अर्जातली ओळ बदलून दिली. 'बाहेर आधी कोण आले? थोरले कोण, हे विचारू नये.'

वर्षाने बाई स्वतः पिंपळवंडीला आल्या. धाकटीही आली होती. थोरलीच्या सुनेने चहा आणला. दोन कप एका ताटलीत, बाकीच्यांपासून वेगळे.

"तुमच्या चहात साखर किती?" बाईंनी धाकटीला विचारले.

"न्हाईच."

"कधीपासून?"

"तिची बंद झाली तवापासनं. गुळबी सोडला. पुरणपोळीबी."

"अहो, तुम्हाला कुठे आजार आहे? तुमच्या दोघींच्या खाण्यातला फरकच तर आम्हाला मोजायचा होता."

"तिनं कडू प्यायचा आन् मी तिच्याम्होरं ग्वाड?" धाकटी म्हणाली. "थोरली हाय ती."

"मूठमूठ गूळ खायची ही," थोरली बाईंना म्हणाली. "तुमी लिवा. कुडं लिवायचं आसंल तिथं लिवा."

बाईंनी अर्ज उलटून पाहिला. त्यासाठी रकाना नव्हता. त्यांनी समासात बारीक अक्षरात लिहिले, 'साखर सोडली. कारण बहीण.' मग शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ ओढली. सरळ.